इंदूरच्या नोंदणी सल्लागारांना खुलं पत्र: सात दिवसांत नाव कोणाचंच होत नाही

प्रति,
इंदूर शहरातले कर-सल्लागार, नोंदणी सल्लागार आणि 'कंपनी, जीएसटी, ट्रेडमार्क, सगळं एका पॅकेजात' असे फलक लावणारी समस्त मंडळी

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी एका कार्यालयातून आमच्याकडे एक पत्रक छापायला आलं. दोन रंग, आर्ट पेपर, आणि वर ठळक टायपात: 'उद्यम + गुमास्ता + जीएसटी + ट्रेडमार्क. सात दिवसांत ब्रँड तुमचा!' मी ते काम परत केलं. कारण विचारायला फोन आला, तेव्हा दोन्हीकडून आवाज चढले आणि सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की ते पत्रक दुसरीकडून छापून होईलच, आणि ते ज्यांच्या हाती पडेल त्यांनी हेही वाचलेलं बरं.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगते. आमचा धंदा छपाईचा. वडिलांच्या वेळी मल्हारगंजात ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, बाटल्यांची लेबलं निघायची. आज ऑफसेट तिथेच आहे आणि सांवेर रोडला पाऊचचं युनिट आहे. इंदुरात कोणी शेव, मसाला, पापड, अगरबत्ती, काहीही विकायला काढलं की तो माणूस दोन दारं वाजवतो. आधी तुमचं, मग आमचं. तुम्ही त्याला कागद करून देता, आणि त्या कागदाच्या भरवशावर आम्ही त्याचं नाव पाकिटावर चढवतो.

हे चढवणं स्वस्त नसतं. रोटोग्रॅव्हरला रंगागणिक एक सिलिंडर लागतो: पोलादी रूळ, त्यावर तांब्याचा थर, त्यात कोरलेलं डिझाइन, वरून क्रोम. सहा रंगांचं पाकीट म्हणजे सहा सिलिंडर, आणि ते दुसऱ्या कुठल्याही पाकिटाला चालत नाहीत. रोल किलोवर निघतो. थोडाच छापा म्हटलं तर दर परवडत नाही, म्हणून लहानातलं लहान गिऱ्हाईकही वर्षभराचा माल उचलतं. नाव बदलायची पाळी आली की तो सगळा रोल वाया. प्लास्टिक आणि फॉइलचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, भंगारवाला त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

शिवाय ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधलं कलम १०३ आहे. दुसऱ्याचं चिन्ह नकली लावण्यासाठी डाय, ब्लॉक, प्लेट बनवणं किंवा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. फसवायचा हेतू नव्हता हे सिद्ध करणं आरोपीच्या गळ्यात. तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकाला 'नाव झालं, बिनधास्त छापा' म्हणता, त्यातलं 'छापा' माझ्याकडे येतं.

एका काकूंचं उदाहरण देते, त्यांना विचारून, नाव-पत्ता गाळून. काकू मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि लिंबाचं लोणचं करतात. पूर्वी डब्यांवर आमच्याकडचं कागदी लेबल लागायचं. पुढे मुलगा हाताशी आला आणि पाऊच काढायचं ठरलं. तुमच्यातल्या एकाकडे गेले, पैसे भरले, अर्जाची पावती मिळाली. काकूंनी ती लॅमिनेट करून देवघराशेजारच्या भिंतीवर लावली. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं.

ती पावती मी नंतर भिंतीवरून काढून नीट वाचली. वर्ग, म्हणजे ट्रेडमार्कसाठी पाडलेला मालाचा गट, एकच, ३०. मसाल्याला, भाजणीला तो बरोबर. लोणचं मात्र वर्ग २९ मध्ये जातं, ते उघड्यावर राहिलं. वापर कधीपासून, या रकान्यात 'प्रपोज्ड टु बी यूज्ड', म्हणजे हे नाव अजून वापरात यायचं आहे. आणि डबे तर कैक वर्षं विकले जात होते! पत्ता काकूंचा, पण ईमेल आणि मोबाइल सल्लागाराच्या कार्यालयाचे.

तपासणी अहवाल त्या ईमेलवर आला. उत्तराला एक महिना मिळतो. तो मेल बघणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला. उत्तर गेलं नाही आणि अर्ज 'अबॅन्डन्ड' झाला, म्हणजे काकूंनी तो सोडून दिला असं धरलं गेलं. काकूंना हे कळलं ते परगावच्या एका वकिलाची नोटीस आल्यावर: एका अक्षराच्या फरकाने हेच नाव आमच्या पक्षकाराच्या नावे नोंदलेलं आहे, विक्री ताबडतोब थांबवा.

मग काकू माझ्याकडे आल्या, जुनी बिलं मागायला. कारण कायद्यात कलम ३४ आहे. समोरच्याचा वापर किंवा त्याच्या नोंदणीची तारीख, यांतलं जे आधीचं असेल त्याच्याही आधीपासून कोणी ते नाव सतत वापरत असेल, तर नोंदणी असलेला मालकसुद्धा त्याला अडवू शकत नाही. पण 'आम्ही फार पूर्वीपासून विकतो' हे तोंडी चालत नाही, कागद लागतो. काकूंकडे दिवाळीच्या ऑर्डरींची वही होती, कडा तेलकट झालेली, 'देशपांडे, चकली भाजणी २ किलो, मंगळवारी नेणार' अशा नोंदींची. सुरेख वही, पण ब्रँडचं नाव तिच्यात एकाही पानावर नाही. घरच्या वहीत स्वतःचं नाव कोण लिहितं? ते नाव होतं आमच्या बिलात. लेबलावरचा मजकूर, नग, तारीख, आणि प्रूफवर 'ठीक आहे' म्हणून काकूंची सही.

तुम्हाला हे माहीत नाही असं मी म्हणणार नाही. वापराचा दावा केला की प्रतिज्ञापत्र आणि त्यासोबत पुरावे जोडावे लागतात, २०१७ च्या नियमांतला नियम २५ तेच सांगतो. 'प्रपोज्ड' लिहिलं की काही जोडावं लागत नाही. तुमचं तेवढं काम वाचतं आणि गिऱ्हाइकाची सगळी जुनी पुण्याई त्याच्याच अर्जात नाकारली जाते. पुढे कोर्टात समोरचा वकील हाच कागद दाखवणार: बघा, यांनी स्वतःच लिहून दिलंय की वापर सुरू झालेला नव्हता.

काकूंचं प्रकरण अजून चालू आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. आता तुमच्याबद्दलच्या तक्रारी.

पहिली त्या सात दिवसांबद्दल. सात दिवसांत अर्जाचा नंबर मिळतो, आणि तो तर अर्ज भरल्या भरल्या मिळतो. नोंदणी मिळत नाही, मिळूच शकत नाही. आधी तपासणी, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, आणि प्रसिद्धीनंतर पूर्ण चार महिने कोणालाही विरोध नोंदवायला मोकळे. घाईच्या तपासणीची सोय आहे, तिचं शुल्क एकट्या व्यक्तीला २०,००० रुपये. पण तेवढे मोजूनही हे चार महिने टळत नाहीत. कोणी विरोध केलाच तर त्याची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिउत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो. मग 'ब्रँड तुमचा' हे सात दिवसांनी कोण कोणाला म्हणतंय?

दुसरी ईमेलची, ती वर आलीच. यात आळसापेक्षा वाईट काही आहे असा माझा संशय आहे. ईमेल तुमचा ठेवला की गिऱ्हाईक कायम तुमच्या दारात. 'ऑब्जेक्टेड' दिसलं की त्याला घाबरवून आणखी पैसे सांगता येतात. वास्तविक ऑब्जेक्टेड म्हणजे फेटाळलं नव्हे. ट्रेडमार्क निबंधकाने कलम ९ (नाव नोंदण्याजोगं आहे का) किंवा ११ (दुसऱ्याच्या आधीच्या नावाशी साम्य आहे का) खाली प्रश्न विचारलेत आणि त्यांचं उत्तर द्यायचंय, इतकंच. पुष्कळ अर्जांना हे प्रश्न येतात, तुम्ही ते सुरुवातीलाच सांगून ठेवत नाही.

तिसरी तक्रार अधिकाराची. कलम १४५ प्रमाणे दुसऱ्याच्या वतीने निबंधकापुढे काम करू शकतो तो वकील, नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट, किंवा त्या मालकाच्या पूर्णवेळ नोकरीतला माणूस. जीएसटीची रिटर्न भरणारे तुमच्यातले बरेच जण यांपैकी काही नाहीत. मग अर्ज गिऱ्हाइकाने स्वतः भरला असं दाखवायचं, किंवा कुठल्या तरी वकिलाचं लॉगिन वापरायचं. त्या वकिलाचं तोंड गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलं नसतं. अडचण आली की तो म्हणतो मी यांना ओळखत नाही, आणि तुम्ही म्हणता ते काम वकिलांचं आहे.

चौथी: नाव कसलं घ्यावं हे तुम्ही सांगतच नाही. इंदुरात निम्म्यांना 'मालवा' हवं असतं, उरलेल्यांना 'अहिल्या' नाहीतर 'राजवाडा', आणि मागे 'शुद्ध', 'घरगुती', 'अस्सल'. मालाचा गुण किंवा मूळ ठिकाण सांगणारे शब्द कलम ९ मध्ये अडकतात. चुकून सुटले तरी तेच नाव वापरणाऱ्या शेजाऱ्याला रोखणं अवघड. सार्वजनिक शोध फुकट आहे, उच्चाराच्या साम्यावरही करता येतो. पाऊचच्या आर्टवर्कवर बसण्याआधी आमची मुलगी तो करते. पैसे घेणाऱ्याने तो का करू नये?

वर्तुळातल्या 'आर'चं, म्हणजे नाव नोंदलेलं आहे असं सांगणाऱ्या चिन्हाचं, थोडक्यात सांगते. प्रमाणपत्र हाती येण्याआधी ते चिन्ह पाकिटावर घालणं कलम १०७ खाली दंडाला पात्र आहे. 'टीएम' खुशाल लिहा. तरीही तुमच्या व्हॉट्सअॅप निरोपांत 'आर लावून घ्या, रुबाब दिसतो' असं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय.

आता कंपनीचं. ही तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण इथे माणूस चढ्या भावाने अडचण विकत घेतो.

दोन खोल्यांत मसाला दळणाऱ्याला तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड काढून देता. सांगता काय, तर कंपनी झाली की नाव देशभरात तुमचं. कंपनीचं नाव मंजूर होतं हरियाणात मानेसरच्या केंद्रातून. मध्य प्रदेशचे कंपनी निबंधक बसतात ग्वाल्हेरला. आणि ट्रेडमार्कसाठी आपलं राज्य मुंबईच्या कचेरीकडे. तीन गावं, तीन वेगळी दप्तरं. कंपनीचं प्रमाणपत्र असलं म्हणून पाकिटावरच्या नावाचा हक्क येत नाही. उलट कंपनी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे नोंदलेल्या ट्रेडमार्कचा मालक कंपनी निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून तिचं नाव बदलायचा आदेश मिळवू शकतो. तीन महिन्यांत बदललं नाही, तर सरकार स्वतःच नवं नाव देतं आणि त्या नावाची सुरुवात असते 'ओआरडीएनसी', म्हणजे प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळला नाही. मसाल्याच्या पाकिटामागे 'निर्माता' म्हणून हे छापायची वेळ कोणावर येऊ नये.

आणि कंपनी काढली की सांभाळावी लागते. धंदा सुरू केल्याची घोषणा १८० दिवसांत. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण, विक्री शून्य असली तरी. उशीर झाला तर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. हे सगळं पॅकेज विकताना कोणी बोलत नाही. ज्याला गुंतवणूकदार आणायचा नाही, जोखीम वेगळी करायची नाही, त्याला एकट्याच्या मालकीचा धंदा पुरतो. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, तर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते आणि स्वतःच्या घोषणेवर होते. तिचे पैसे तुम्ही मदतीचे म्हणून घ्या, पण 'सरकारी फी' म्हणून घेऊ नका.

भागीदारीचा एक वेगळाच घोळ. दोघे भाऊ धंदा काढतात, भागीदारीचा करारनामा होतो आणि ट्रेडमार्क एकट्या थोरल्याच्या नावाने, कारण त्या दिवशी आधार कार्ड त्याच्या खिशात होतं. करारनाम्यात नावाबद्दल अक्षर नाही. शिवाय फर्म नोंदवलेलीच नाही, म्हणजे १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे करारावरून कोर्टात जायचा रस्ता बंद. भावांचं बिनसलं की दोघेही आमच्याकडे येतात, आणि दोघेही म्हणतात सिलिंडर माझे.

यावर तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, फोनवर ऐकलंच: 'ताई, गिऱ्हाईकच स्वस्त मागतं. त्याला वाचायचं नसतं, सही कुठे करू एवढंच विचारतो.' खरं आहे. आमच्याकडेही प्रूफ न वाचता सही करणारे येतात. पण म्हणून आम्ही प्रूफ दाखवायचं सोडत नाही. आणि स्वस्ताचं म्हणाल तर सरकारी शुल्क काही लपलेलं नाही: ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला वर्गामागे ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. त्यावर तुम्ही तुमची फी लावा, भरपूर लावा. मी स्वतः घासाघीस न करता देईन. पण तिच्यात काय येतं आणि काय येत नाही हे कागदावर असू द्या.

तुमच्यात चांगलं काम करणारे आहेत. एक-दोघांकडे मी गिऱ्हाइकं पाठवते. ते आधी तास-दीड तास प्रश्न विचारतात, 'हे नाव सोडा' असं तोंडावर सांगतात, आणि कधी कधी गिऱ्हाईक रागावून तुमच्याकडे येतं. बाजार त्यांना शिक्षा देतो आणि सात दिवसवाल्यांना बक्षीस. हे मला गप्प बसून बघवत नाही.

तेव्हा मागण्या अशा:

अर्ज भरण्याआधी शोधाचा छापील निकाल गिऱ्हाइकाला द्या आणि त्यावर तुमचं मत दोन ओळींत लिहा, सहीनिशी.

अर्जात ईमेल आणि मोबाइल गिऱ्हाइकाचाच घाला. तुमचा जोडीला असू दे. त्याच्याकडे ईमेल नसेल तर उघडून द्या आणि पासवर्ड त्याच्या हातात ठेवा.

नाव आधीपासून वापरात आहे का, हे विचारा. असेल तर जुनी बिलं, लेबलं, जाहिराती गोळा करून प्रतिज्ञापत्र करा.

तपासणी अहवालाचं उत्तर, सुनावणी, विरोधाचं प्रतिउत्तर यांपैकी काय फीमध्ये धरलंय ते पावतीवर लिहा. सरकारी शुल्क वेगळ्या ओळीत दाखवा.

काम करणाऱ्या वकिलाचं किंवा एजंटाचं नाव सांगा. गिऱ्हाइकाला त्याच्याशी एकदा तरी बोलू द्या.

कंपनी सुचवत असाल तर वर्षाकाठी तिला काय खर्च आणि कोणत्या तारखा लागतात, त्याचा कागद आधी द्या. भागीदारी असेल तर नावाची मालकी कोणाची, हे कलम करारनाम्यात घाला.

आणि 'सात दिवसांत' हे शब्द काढा. फलकांवरून, पत्रकांवरून, रिक्षांच्या पाठीवरून.

यांतल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. शहरातल्या कर-सल्लागारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांनी मनात आणलं तर पुढच्या बैठकीत ठराव होऊ शकतो. कोणी बोलावलं तर मी येऊन हेच तोंडी सांगेन.

आमच्या बाजूने आम्ही काय करतोय तेही लिहिते. या महिन्यापासून नव्या पाऊचच्या ऑर्डरीबरोबर आम्ही अर्जाचा नंबर, वर्ग आणि त्या दिवशीची स्थिती मागतो. नंबर नसेल तर काम अडवत नाही, पण सिलिंडर कोरायला देण्याआधी या नावासाठी अजून अर्ज केलेला नाही असं गिऱ्हाइकाकडून लिहून घेतो. वर्तुळातला 'आर' प्रमाणपत्राची प्रत पाहिल्याशिवाय छापत नाही. यावरून दोन ऑर्डरी दुसरीकडे गेल्या, जाऊ देत.

आणि ज्यांनी आमच्या छापखान्यातून कधीही लेबलं, पाकिटं, खोकी छापून घेतली असतील, त्यांना जुन्या बिलांच्या आणि प्रूफच्या नकला मिळतील, पैसे न घेता. वडिलांच्या काळातली बिलबुकं मल्हारगंजात माळ्यावर आहेत, शोधायला चार दिवस लागतात, तेवढी सवड ठेवून या. सल्लागाराला स्वतः यायचं असेल तर पक्षकाराचं पत्र सोबत आणावं.

कळावे,
आपली,
एक मुद्रक
मल्हारगंज, इंदूर